पत्र्या गेला, बाई आली

देवळातल्या बैठकीत जे झालं त्याचं खापर शेवटी गुरुप्रसाद नागवेकराच्या डोक्यावर फुटलं, आणि ते तिथेच फुटणं रास्त होतं. गुरुप्रसाद तसा वाईट माणूस नव्हे. त्याला फक्त दुसऱ्याचं भलं करण्याची खोड आहे. एकदा शेजाऱ्याच्या माडाला त्याने न विचारता खत घातलं, तो माड अजून त्याच्या घराकडे पाठ करून उभा आहे. रत्नागिरीतल्या एका पतपेढीत नोकरी होती तोवर ही खोड रविवारपुरती होती. मग त्याने वेळेआधीच निवृत्ती घेतली आणि ती पूर्ण वेळ झाली.

त्या दिवशी तळेवाडीच्या देवळात शिमग्याची बैठक होती. पालखी कधी उठायची, कोणाकडे आधी जायची, ढोल कोणाचे, हे दरवर्षी तेच ठरतं आणि दरवर्षी त्यावर तेवढंच भांडण होतं. बैठक सुरू व्हायची होती म्हणून शिवा गुरव गाभाऱ्यात दिवाबत्तीला गेला आणि जाताना आपला फोन गुरुप्रसादच्या हातात देऊन गेला. दोघे चौथीपर्यंत एका बाकावर बसलेले. चौथीत तापाचं निमित्त झालं आणि शिवाचे डोळे गेले. आता त्याचा फोन त्याला सगळं वाचून दाखवतो. काचेवर बोट फिरवावं, बोटाखाली जे असेल ते फोन बोलतो. या बोलणाऱ्याचं नाव शिवाने पत्र्या ठेवलं होतं, आणि नाव ठेवण्यात चूक नव्हती. आवाज नाकातला, त्यात चढ नाही, उतार नाही, आणि शिवाने त्याला इतका पळवलेला की दुसऱ्याला वाटावं कोणी डब्यात खडे घालून हलवतंय.

गुरुप्रसादला याचा फार दिवस कळवळा येत होता. बालमित्राने आयुष्यभर डबा ऐकायचा म्हणजे काय? हल्ली फोनमध्ये अगदी माणसांसारखे आवाज मिळतात हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. तळेवाडीत नेटवर्क असं फक्त देवळाच्या पायरीवर येतं, देवीची कृपा म्हणून लोक तिथे येऊन मुंबईला फोन लावतात. शिवा आत समया उजळीपर्यंत गुरुप्रसादने पायरीवर बसून एका बाईंचा आवाज उतरवून घेतला. मधात भिजवून सावलीत वाळवलेला आवाज. बाईंना जागा हवी म्हणून पत्र्याला काढून टाकलं. मग फोन शिवाच्या सदऱ्याच्या खिशात सरकवला आणि आता गंमत बघा अशा चेहऱ्याने खांबाला टेकून बसला.

बैठकीला रंग चढला. गावकर रघूआबा आपला नेहमीचा मुद्दा नेहमीच्या लांबीने मांडत होते. शिवाने किती वाजले बघायला फोन काढला, नेमका तेव्हाच एक निरोप आला, आणि बाईंनी तो सगळ्या सभामंडपाला जाईल अशा बेताने, एकेक शब्द फुलासारखा खाली ठेवत वाचला.

"खेडहून धाकू यांचा संदेश. तू म्हणतोस ते खरं आहे, शिवा. तुमचे रघूआबा गाऱ्हाणं घालतात तेव्हा देवी जांभया देत असणार."

सभामंडपात एवढी शांतता त्या देवळाच्या बांधणीपासून कधी झाली नसेल. पत्र्या असता तर हाच निरोप खडखडून गेला असता आणि कोणाला काय समजलं असतं? इतकी वर्षं शिवाचे निरोप असेच चारचौघांत वाजत आले आणि कोणाला एक अक्षर कळलं नाही. शिवाला कधी कानात फोनची बोंडं घालावी लागली नाहीत. पत्र्याचा वेग हीच त्याची कडी होती आणि हेच कुलूप.

गाऱ्हाण्याचं जरा सांगायला हवं. शिमग्यात पालखी चौथऱ्यावर येऊन बसली, की गावाच्या वतीने एकाने देवीशी बोलायचं असतं. पोरंबाळं, गुरंढोरं, भात, कलमं, बोटीवर गेलेले, मुंबईला गेलेले, सगळ्यांची आठवण तिला करून द्यायची, आणि दर वाक्याला गावाने 'व्हय महाराजा' म्हणायचं. तळेवाडीत हा मान शिवाच्या घराचा. त्याचे वडील गाऱ्हाणं घालायचे. ते गेले तेव्हा शिवा मुंबईला टेलिफोन ऑपरेटरचं शिकत होता, म्हणून तो मान तात्पुरता रघूआबांकडे गेला, आणि कोकणात तात्पुरत्या गोष्टीला जेवढं आयुष्य असतं तेवढं कायमच्या गोष्टीला नसतं. शिवाला कोणी नको म्हटलं नाही. कोणी बोलावलंही नाही. एकदा कोणीतरी म्हणालं होतं, की ज्याला देवी दिसत नाही तो बोलणार कोणाशी. त्यावर दुसऱ्याने आबांना तरी दिसते का असं विचारलं होतं, पण हळू.

रघूआबांनी उपरणं झटकलं, पुन्हा खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बरं तर. ह्या शिमग्याला तूच घाल गाऱ्हाणं. ठेव तिला जागी."

सगळ्यांना वाटलं शिवा माफी मागेल. शिवाची मान खाली होती. ती वर आली आणि तो म्हणाला, "घालतो."

बाहेर पायरीवर आल्यावर त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही, की गुरू, ही बाई कोण? गुरुप्रसादने चाचरत, पण थोडा अभिमानही न लपवता, तिचे गुण सांगितले. शिवाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, की हिला मी ओळखतो. एका सरकारी कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर त्याने उमेदीची वर्षं काढली होती. नमस्कार, बोला, म्हणायचा. पलीकडून कोण बोलतंय ते 'हॅ' वरून ओळखायचा. मग एक दिवस यंत्र आलं आणि अशीच एक गोड बाई मराठीसाठी एक दाबा म्हणायला लागली. शिवाला खिडकीपाशी खुर्ची दिली, साहेब जेवायला गेलेत एवढं येणाऱ्याला सांगायला. आता निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि साहेब अजून जेवतच होते.

"एकीने खुर्ची घेतली," शिवा म्हणाला, "दुसरीला तू खिशात आणून बसवलीस."

घरी वेगळीच तऱ्हा झाली. शिवाच्या बायकोला, हौसाला, बाई पसंत पडल्या. लग्न झाल्यापासून नवऱ्याला एवढं कोण काय सांगतं ते तिला पहिल्यांदा समजत होतं. चुलीपाशी भाकऱ्या थापता थापता ती धाकूचे निरोप ऐकू लागली, नणंदेने कोणाबद्दल काय लिहिलंय ते ऐकू लागली, आणि मधे मधे आतूनच उत्तरंही देऊ लागली. शिवा फोन उशीखाली घालून ऐकायला लागला. ते बघून हौसा गुरुप्रसादला म्हणाली, की भावोजी, एवढ्या वर्षांत ह्यांनी कधी माझ्याशी असं उशीखाली बोललेलं आठवत नाही.

खरी पंचाईत गाऱ्हाण्याची झाली. शिवाने ते वर्षानुवर्षं ऐकून, थोडं थोडं करून, फोनमध्ये अक्षरांत उतरवून ठेवलं होतं. कोणासाठी उतरवलं ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण ते सांगायला कशाला हवं? आता ते ऐकून पाठ करायचं आणि म्हणायचं. पण बाई ते फार मनापासून वाचायच्या. 'बा देवी, तुझी लेकरं तुझ्या पायाशी' इथे त्यांचा आवाज ओला व्हायचा. बोटीवरच्या पोरांशी आल्या की एक उसासा. आणि 'व्हय महाराजा' असं म्हणायच्या की जणू विचारताहेत, साखर एक चमचा की दोन? शिवा त्यांच्यामागून म्हणू लागला आणि त्याच्या तोंडून तेच सूर यायला लागले. माजघरातून हौसा म्हणाली, "देवीला गाऱ्हाणं घालताय का बातम्या देताय?"

गुरुप्रसादला रात्री जेवण जाईना. पत्र्या परत घालायला गेला तर तो मिळेना. एकदा काढलेला तो जुना आवाज आता पुन्हा मिळत नाही असं फोन म्हणत होता. मग गुरुप्रसादने आपल्या स्वभावाप्रमाणे आणखी भलं करायला घेतलं. फोनमध्ये जेवढे म्हणून आवाज होते ते सगळे एका रविवारी शिवाच्या पडवीत त्याने एकापाठोपाठ एक उभे केले. तो कार्यक्रम मुली बघायच्या कार्यक्रमासारखाच झाला. हौसाने कांदेपोहेही केले. एक गृहस्थ आले, आवाज भारदस्त, पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी राजीनामा दिल्यासारखे थांबत. एक तरुण आला, तो मराठीही हिंदीच्या काठाकाठाने बोलायचा. एक मुलगी आली, ती मृत्यूची बातमीही हसत देईल असं वाटलं. एक आवाज इतका हुबेहूब माणसाचा होता की वाक्याआधी श्वास घ्यायचा. तो ऐकून हौसा दचकली आणि पदर सारखा केला.

"ह्याला श्वास कशाला हवा?" शिवाने विचारलं. "हा काय दमलाय?"

पोहे संपले, नवरी ठरली नाही.

दुपार कलली तशी देवळाच्या पायरीवर जाऊन शिवाने शाळेतल्या दोन मित्रांना एकत्र फोन लावला. शाळा म्हणजे अंधांची, वसतिगृहाची, जिथे तो चौथीनंतर गेला. खेडचा धाकू, ज्याच्या निरोपाने हा घोळ झाला, त्याचं एस.टी. स्टँडजवळ फोनचं दुकान आहे. आणि देवरूखच्या सावित्रीबाई, ज्या तिथे शाळेत गाणं शिकवतात. गुरुप्रसादला वाटलं होतं, आवाज कोणता चांगला यावर अंध माणसांचं एकमत असेल. बाहेरून बघणाऱ्याला सगळ्या डोंगरांची उंची सारखी वाटते तसं. इथे तर आंब्यांवरून होतं तसं भांडण जुंपलं. धाकू म्हणाला, मी दर महिन्याला आवाज बदलतो, बायको बदलता येत नाही म्हणून. सध्या त्याच्याकडे एक हिंदी काका होते, ते मराठी वाचताना ज्या गटांगळ्या खातात त्याने त्याची दुकानात करमणूक होते. सावित्रीबाई म्हणाल्या की त्यांना गोड बाईच आवडतात, पण संध्याकाळी, गोष्टी ऐकायला. दिवसभर पोरांचा बेसूर ऐकल्यावर एकाने तरी आपल्याशी गोड बोलावं की नाही? कामाला मात्र पत्र्या. कामात गोडवा आला की वेळ लागतो.

"आणि देवाचं?" शिवाने विचारलं.

सावित्रीबाई म्हणाल्या, की देवाचं ज्याचं त्याने ठरवावं. पत्र्या त्यांच्याकडे जपून ठेवलेला होता. तो त्यांनी पाठवून बघितला, पण फोनने अनोळखी पाहुणा म्हणून दारातूनच परत पाठवला. तेव्हा त्यांनी फर्मावलं, की फोन घेऊन या, मी माझ्या हाताने घालते. "आणि ते तुमचे डोळस मित्र आहेत ना, त्यांनाही आणा. म्हणजे ते कुठे आहेत ते आपल्याला कळत राहील."

अशी दोघांची स्वारी देवरूखला निघाली. मार्च लागला होता. सकाळी डोंगरांवर धुकं आणि कोणीतरी जाळलेल्या पाल्याचा धूर एकमेकांत गुंतून पडलेला, आणि एस.टी. त्यातून अशी चालली होती की रस्ता पुढे आहे यावर तिचा फक्त विश्वास असावा. खिडकीतून काजूच्या बोंडांचा आंबटगोड वास यायचा, मधेच शेणाचा, मधेच कुठल्या तरी हॉटेलातल्या वड्यांचा. संगमेश्वरला गाडी थांबली, उतरणारे उतरले, आणि पुन्हा चढ लागल्यावर सगळी गाडी पेंगली. गुरुप्रसादने डोळे मिटले. मिटल्यावर त्याच्या लक्षात आलं की गाडीत किती आवाज आहेत. एका खिळखिळ्या खिडकीचा, पाठीमागच्या बाईच्या बांगड्यांचा, कुठल्या तरी पिशवीतल्या कोंबडीचा. आपण गाडीत नसून एका मोठ्या मडक्यात आहोत आणि बाहेरून कोणी टिचक्या मारून ते पक्कं आहे का बघतंय असं त्याला वाटलं.

शिवा जागा होता. गुरुप्रसादने अर्धवट झोपेत त्याला विचारलं, की तुझ्या स्वप्नात पत्र्या बोलतो का रे? शिवाने यावर विचार केला. नाय, म्हणाला. स्वप्नात आल्यावर पत्र्या बाजूला होतो. धाकूचा निरोप धाकूच्या आवाजात येतो, बहिणीचा बहिणीच्या. जागेपणीही तसंच असतं. पत्र्या वाचतो, पण ऐकू येतो धाकू. तो विहिरीच्या पाण्यासारखा आहे, म्हणाला, तळ दिसतो. आणि ही तुझी बाई म्हणजे सरबत. चव आहे, पण तळ गेला.

मग खिडकीकडे तोंड करून त्याने एक गोष्ट सांगितली ती गुरुप्रसादला झोपेतून पुरता उठवून गेली. वडिलांचा आवाज तो विसरत चालला होता. त्या काळात घरात कोणी आवाज धरून ठेवला नाही. चेहरा चौथीत गेला तो गेला. आवाज राहिला होता, तोही आता पिठासारखा बोटांतून गळायला लागला होता. फक्त पत्र्या गाऱ्हाणं वाचायला लागला की कधी कधी, सगळ्या वेळी नाही, त्या खडखडाटाच्या मागे म्हातारा उभा राहायचा. खोकायचा आधी. मग बा देवी म्हणायचा. बाई आल्यापासून तो एकदाही आला नव्हता.

"बाई इतकं भरून म्हणते," शिवा म्हणाला, "तो बिचारा उभा राहणार कुठे?"

गुरुप्रसादने यावर एकही उपाय सुचवला नाही. त्याच्या बाबतीत ही बातमी आहे.

देवरूखला सावित्रीबाईंनी दोघांना ओटीवर बसवलं, गुरुप्रसादच्या हातात कोकम सरबताचा पेला दिला आणि म्हणाल्या, "भाऊ, एक हात पेल्याला आणि दुसरा मांडीवर." त्यांची बोटं शिवाच्या फोनवर फिरू लागली. फोनमधल्या बाई गोड आवाजात एकेक पायरी सांगत होत्या. काय काढायचं, कुठून आणायचं, खात्री आहे का. आपल्याच जागी दुसऱ्याला आणून बसवण्याचं काम त्या इतक्या अदबीने करत होत्या की गुरुप्रसादला त्यांची दया आली. शेवटचं 'ठीक आहे' त्यांनी म्हटलं, ते अर्ध्यात राहिलं, आणि पलीकडून खडखड करत पत्र्या आला. आल्या आल्या त्याने वेळ, बॅटरी आणि न वाचलेले निरोप एका दमात सांगून टाकले. गावाहून आलेल्या माणसाने पिशवी न ठेवता उंबऱ्यातूनच सगळ्या बातम्या द्याव्यात तसं.

शिवाने फोन कानाला लावला, वेग आणखी थोडा वाढवला आणि अनवाणी पाय तालावर हलवू लागला. सावित्रीबाई म्हणाल्या, "आला?" शिवा म्हणाला, "आला."

मग शिमगा येईपर्यंत रोज दुपारी शिवाच्या पडवीत गाऱ्हाणं चालायचं. कचेरीत साहेब जेवत होते, म्हणून शिवाने रजा टाकली होती. गुरुप्रसाद प्रायश्चित्त म्हणून येऊन बसायचा, आणि खरं सांगायचं तर त्या पडवीत वारा चांगला येतो म्हणूनही. खाडीवरून येणारा तो दुपारचा वारा माणसाला हलक्या हाताने थोपटतो. आढ्याला टांगलेला सुपारीचा घोस हलायचा, कुठेतरी एक घार ओरडायची, कलमावरून एखादी खाकटी कैरी टपकन पडायची, आणि मधे पत्र्या चाललेला असायचा. पहिले काही दिवस गुरुप्रसादला ते खडेच वाटले. मग एका दुपारी, खांबाला डोकं लावून त्याचा डोळा लागत असताना, त्या खड्यांच्या ओघातून एक शब्द सुटून वर आला. 'वेस.' पाटाच्या पाण्यात मासा पलटावा तसा चमकला आणि गेला. थोड्या वेळाने 'माड'. मग 'बोट'. गुरुप्रसाद श्वास धरून पडून राहिला. हळूहळू सगळी तळेवाडी त्याच्या मिटल्या डोळ्यांपुढून जायला लागली. वेशीवरचा दगड, तळ्याकाठचा राखणदार, वरची आळी, खालची आळी, एकेकाचं घर, कोणाचं कुलूप लावलेलं, कोणाच्या अंगणात धान सांडलेलं. कोणी भावूक होऊन सांगत नव्हतं. नुसतं नाव घेतलं जात होतं आणि ज्याचं नाव घेतलं तो अंधारातून पुढे येऊन उभा राहत होता. त्यात त्याची स्वतःची आईही तुळशीपाशी वाकलेली दिसली. गुरुप्रसादने तिला हाक मारली, त्या आवाजानेच तो जागा झाला, आणि समोर हौसा चहा घेऊन उभी होती. "काय हो भावोजी," ती म्हणाली, "मी तुमची आई केव्हापासून?"

पण शिवाचं अजून अडत होतं. शब्द पाठ झाले होते, वेशीवर तेवढा तो दर वेळी अडखळायचा. आणि म्हातारा यायचा, खोकायचा, पण तोंड उघडत नव्हता. रघूआबा रोज संध्याकाळी पडवीपुढून जाताना मुद्दाम जोरात जांभई द्यायचे. एवढं म्हातारं माणूस, पण नेम चुकायचा नाही.

पालखीचा दिवस आला. मुंबईहून माणसं आली, दारादारात चपलांचे ढीग पडले. उन्हं कलताना ढोल वाजले, पालखी नाचत आली आणि चौथऱ्यावर विसावली. गुलालाचा धूर असा खाली बसत होता की माणसांचे फक्त आकार उरले होते, आणि निदान त्या घटकेला शिवापेक्षा इतरांना काही जास्त दिसत होतं असं म्हणवत नाही. शिवाने नारळ हातात घेतला. ढोल थांबले. गर्दीत कोणीतरी फोन बंद कर रे म्हणालं, आणि थोडे लोक हसले. शिवा पालखीपुढे उभा राहिला आणि काही बोलेना.

गुरुप्रसाद हिशोब करू लागला. आता हा नाही बोलला तर पुढच्या वर्षी मान आबांकडे जाणार, तो पुन्हा तात्पुरता, म्हणजे कायमचा. शिवा नुसता उभा. मग तो खोकला. साधं खोकणं, पण पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी एकदम माना वर केल्या.

"बा देवी महाराजा," शिवा म्हणाला, आणि थांबला नाही.

आवाज सपाट होता. त्यात ना काकुळत होती ना उसासा. एका लयीत, भरभर, पाण्याच्या धारेसारखं ते चाललं होतं, आणि दर वाक्याला गाव व्हय महाराजा म्हणत होतं. पहिल्यांदा सवयीने. मग जरा सांभाळून. मुंबईला गेलेल्यांची नावं आली तेव्हा मागे उभ्या असलेल्या मुंबईकरांचा आवाज जाड झाला. बोटीवरची पोरं आली तेव्हा हौसाने पदर तोंडाला लावला. शिवाने कोणासाठी रडून दाखवलं नाही म्हणूनच बहुधा ज्याचं त्याला रडायला मोकळं झालं. आणि फिरून वेशीशी येऊन तो अडला. नेहमीच्याच जागी. ढोलवाल्याचा हात टिपरीवर गेला. तेवढ्यात मागून, जेमतेम ऐकू येईल इतक्या हलक्या आवाजात, रघूआबांनी पुढचा शब्द टाकला. शिवाने तो उचलला आणि धार पुढे सुरू झाली. शेवटचं 'व्हय महाराजा' एवढं मोठं झालं की तळ्यावरची वटवाघळं उठली.

नंतर प्रसाद वाटताना रघूआबा शिवाच्या बाजूला आले. म्हणाले, की देवी जागी होती, मीच वायच पेंगलो. आणि मग, दुसरीकडे बघत, "तुझ्या बापसासारखाच खोकलास मेल्या." एवढं बोलून ते गर्दीत गेले, ते काही पुढच्या वर्षी कोण घालणार हे बोलले नाहीत; पण उरलेल्या अर्ध्या नारळाची वाटी त्यांनी शिवाच्या हातात ठेवली होती, आणि ती वाटी गाऱ्हाणं घालणाऱ्याची असते.

पालखी पुढच्या घराकडे निघाली. ढोल लांब गेले तसे ते झोपेत ऐकल्यासारखे मऊ झाले. चौथऱ्याच्या कडेला शिवा आणि गुरुप्रसाद दोघेच खोबरं खात बसले. शिवाचे केस गुलालाने लाल झाले होते आणि चेहऱ्यावर असं काही होतं की गुरुप्रसादला तिथे फार वेळ बघवेना. त्याने चोरून शिवाचं सगळं गाऱ्हाणं आपल्या फोनवर धरून ठेवलं होतं. त्याला आतून उमाळा आला. उमाळा आला की गुरुप्रसाद काय करतो हे वेगळं सांगायला नको.

"आला होता ना रे म्हातारा?" त्याने विचारलं.

शिवाने मान हलवली. पूर्ण आला होता. खोकल्यापासून नारळ फोडेपर्यंत.

गुरुप्रसाद सरकून जवळ बसला. त्याने सांगितलं, की आजचं सगळं माझ्याकडे आहे. आणि हल्ली म्हणे एवढ्याशा बोलण्यावरून अख्खा आवाज बनवून मिळतो. तुझा आणि वडिलांचा आवाज एकच, हे आज गावाने ऐकलं. एकदा तो बनवून फोनमध्ये घातला की तुला पुन्हा म्हणून म्हातारा शोधत बसायला नको. सकाळी उठल्यापासून तोच वाचेल; निरोप, बातम्या, विजेचं बिल, सगळं.

"बोल, घालू का?" गुरुप्रसाद म्हणाला.

शिवाने तोंडातलं खोबरं सावकाश चावून संपवलं.

"बापूस एकदा गेला तेवढा पुरे."